पाटीखालची जागा

ये गो बाय, इकडं ये. अशी लांब खिडकीत नको बसूस, जवळ ये. आणि ते कानातलं मशीन आधी डबीतून काढ. मुलानं आणून दिलंय ते काय देवघरात ठेवायला? फोनवर मी इकडून ओरडते, तू तिकडून "काय? काय?" करतेस, आणि शेवटी दोघी दमून "बरं, ठेवते" म्हणतो. म्हणून हे लिहायला घेतलं. तुझी सून वाचून दाखवेल. सूनबाई, सावकाश वाच, आणि हिला मध्येच डुलकी लागली तर माझ्या वतीनं एक चिमटा काढ.

रागावलेच आहे मी तुझ्यावर. पुणं काय समुद्रापलीकडं आहे? घाट उतरला की आपलं गाव. पण दर वेळी तुझं एकच पालुपद, "कशाला येऊ गो? तिथं आता आपलं काय रायलंय?" आता राहिलंय. तेच सांगायचंय. पण मी सांगताना इकडंतिकडं जाते हे तुला माहीत आहे, तेव्हा धीर धर.

बाकी कोणी हे वाचत असेल तर ही कोण ते सांगते. ही माझी जोडीण. नात्यागोत्यातली नाही. नवी मुंबई व्हायच्या आधी खाडीकाठी आमच्या गावाची मिठागरं होती. तिथं मीठ वाहायला दोन-दोन बायांची जोड लागायची. का, तर मिठानं भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. ओलं मीठ दगडासारखं जड. दोघींनी समोरासमोर वाकायचं, काठ धरायचा, एका दमात कमरेपर्यंत आणायची, मग छातीपर्यंत, आणि शेवटच्या हिसक्याला एकीनं मान खाली घालून पाटीखाली शिरायचं. दुसरीनं हात वर नेत नेत पाटी नीट बसेपर्यंत सोडायची नाही. मग पहिली बांधावरून चालायला लागायची आणि दुसरी तिथंच थांबून आपली पाटी भरायची. पहिली रिकामी होऊन आली की तिनं हिची चढवायची. दिवसभर असं. एकमेकींना म्हणायचं एवढंच, "हात लाव."

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. बाकी सगळ्या बायांच्या जोड्या ठरलेल्या. आम्ही दोघी उरलेल्या, म्हणून मुकादमानं आम्हाला एकत्र ढकललं. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काडीसारखी पोर काय पाटी उचलणार! आणि हिला वाटलं, ही ढोली बाई काय चालणार! हे मला हिनंच नंतर सांगितलं, खी खी हसत.

आठवतं का गो, चुंबळ कशी करायची ते? डोक्यावर पाटीखाली कापडाची गुंडाळी ठेवायची, ती आपल्या लुगड्याची करायची नाही. जोडिणीच्या जुन्या लुगड्याची करायची. मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एकमेकींच्या घरी जाऊन पट्टी फाडून आणायची. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, अशीच रीत. का, ते कोणी सांगितलं नाही. मला वाटतं, भांडण झालं तरी डोक्यावर तिचंच लुगडं, मग भांडण किती टिकणार? आपण भांडलो ना किती वेळा. एकदा तर तू माझ्याशी पाच-सहा दिवस बोलली नव्हतीस, नुसतं "हात लाव" एवढंच. मी तुझ्या जावेच्या शिवणाला नावं ठेवली म्हणून! आणि तुझं हिरवं लुगडं माझ्या टाळूवर. खारट पाणी झिरपून त्याचा रंग माझ्या कपाळावर उतरायचा. सासू म्हणायची, "हिला काय मुंज्या लागलाय का, कपाळ हिरवं कसं?"

आणि दुपारी चौकीच्या पायऱ्या. खाडीच्या तोंडाशी काळ्या दगडाची मिठाची चौकी. इंग्रजांच्या वेळची. मीठ तिथं वजन व्हायचं, कर घ्यायचा साहेब तिथं बसायचा. आपल्या वेळी साहेब केव्हाच गेला होता, एक कारकून तेवढा होता, तोही बहुतेक वेळ झोपलेला. आपल्याला आत जायची मुभा नव्हती. पाय चिखलामिठाचे. पण त्या उन्हात सगळ्या आगरावर सावली म्हणजे त्या चौकीचीच. पायऱ्यांवर बसून तांदळाची भाकरी, सुका जवळा आणि कांदा. माझ्या वाटचा कांदा तू नेहमी पळवायचीस. दगड मागून गार लागायचा. तू म्हणायचीस, "मना एकदा त्या वरच्या खिडकीतून खाडी बघायची हाय." मी म्हणायचे, "रोज बघतेस तेवढी पुरे नाय का?" तू म्हणायचीस, "रोज खालून बघते."

मग शहर आलं. मिठागरं बंद झाली, भराव पडला, सेक्टर झाले. तुझा नवरा रबाळ्याला कंपनीत लागला, माझा गावातच राहिला. आपण शेजारी होतोच, पण जोडी काही राहिली नाही. घरी कसली पाटी चढवायची? पिठाचा डबाही आता मुलगा उचलून ठेवतो. पुढं तुझा नवरा गेला आणि तुझा मुलगा तुला पुण्याला घेऊन गेला. जाताना तू टेम्पोत पुढं बसली होतीस, मांडीवर पाटा-वरवंटा. मी म्हटलं, "वरवंटा कशाला नेतेस, तिकडं मिक्सर आहे." तू तो आणखी जवळ ओढून धरलास.

त्यानंतर एकदाच आलीस, माझ्या नातीच्या लग्नाला. हायवेला उतरलीस, रिक्षा केलीस आणि आपलं गाव तुला सापडलं नाही. एकीकडं सोसायट्या, दुसरीकडं गावातल्याच पोरांनी बांधलेल्या बिल्डिंगा, वेशीवरची चिंच गेलेली, तिथं मोबाईलचं दुकान. तू रिक्षातून उतरून रस्त्याच्या मधोमध उभी. तो रिक्षावाला, बाहेरगावचा, बिचारा भला माणूस, तो म्हणाला, "मौसी, यही है आपका गाँव." आणि हात धरून तुला कमानीतून आत आणलं. मांडवात तू हसत होतीस, पण हळद लावताना माझ्या कानाशी म्हणालीस, "माझ्या गावात मना परक्यानं वाट दाखवली गो." दुसऱ्या दिवशी गेलीस ती गेलीसच. ते मला लागलंय. तुला लागलं ते माहीत आहे, पण मलाही लागलंय, कारण मी इथंच होते आणि तुला घ्यायला रस्त्यापर्यंत आले नाही. लग्नघर होतं, काय करणार!

आता चौकीचं सांगते. मधली कितीतरी वर्षं ती पडीकच. भिंतीतून पिंपळ उगवला, कौलं गेली, दारुडे बसायचे. आम्ही तर वळून बघणंही सोडलं होतं. मग महापालिकेनं ती पुन्हा उभी करायला घेतली. मी म्हटलं, रंग मारतील आणि नावाचा बोर्ड लावतील. पण नाही बाय. आवारात चुन्याचे हौद केले, चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून महिनोन्‌महिने भिजवलं. मी संध्याकाळी फिरायला जाते ना, तो वास यायचा. गोड, तुरट. थांबून घ्यायचे तो वास. पिंपळ मुळासकट काढला. कौलं नवी बसवली. पायऱ्या मात्र जुन्याच ठेवल्या, आपण पाट्या टेकवून टेकवून खोलगट केलेल्या. वॉचमन मला ओळखायला लागला. म्हणाला, "आजी, तुमी रोज इन्स्पेक्शनला येता, साहेबांपेक्षा रेग्युलर."

काम संपत आलं तेव्हा कळलं की समोर पुतळा बसणार, चौकी नव्यानं उभी राहिली त्याची खूण म्हणून. गावात लगेच पैजा. निम्मे म्हणाले फ्लेमिंगो. तुला ठाऊक नाही, आता इथं जिथं बघावं तिथं फ्लेमिंगो. चौकात फ्लेमिंगो, भिंतीवर फ्लेमिंगो, पुलाखाली फ्लेमिंगो. आपल्या वेळी त्यांच्याकडं बघायला मान वर करायला सवड कुठं होती! बाकीचे निम्मे म्हणाले, कुठल्या तरी पुढाऱ्याचा असेल. शेजारच्या माझ्या जावबाई म्हणाल्या, "फ्लेमिंगोवर बसलेला पुढारी करतील."

आणि एक दिवस माझ्या दारात एक मुलगी आली. केस पोरासारखे कापलेले, हाताला मातीचे डाग. म्हणाली, "आजी, मी मूर्तिकार. मिठागरावर काम केलेल्या बायका शोधतेय. तुम्ही पाटी कशी उचलायचात ते दाखवाल?" मी आधी चहा ठेवला. ती लाजत म्हणाली, साखर कमी. मी म्हटलं, मिठाचं विचारायला आलीस आणि साखर कमी कशी चालेल? हसली. मग मला ती आवडली.

पाटी कुठून आणायची? प्लास्टिकच्या टोपल्यांचं राज्य. शेवटी माझा मुलगा वाशीला एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर असतो, त्यानं फळबाजारातून एक बांबूची पाटी शोधून आणली, आपल्या पाटीपेक्षा उथळ, पण चालली. तिच्यात थोडी वाळू भरली. चौकीच्या आवारात तिनं मला उभं केलं. मी वाकले, काठ धरला. समोर कोणी नाही. ती म्हणाली, "मी धरू का?" तिनं समोरून धरली, कमरेपर्यंत आणली, छातीपर्यंत आली, आणि तिनं सोडून दिली, कारण तिला माझे हात कागदावर काढायचे होते. वाळू थोडीच होती, म्हणून मी पेलली. आणि माझे हात, काय सांगू, आपोआप वर गेले. सवयीनं. पुढं कोणीतरी मान घालेल म्हणून खांद्याच्या वर, थोडे पुढं, पाटी किंचित माझ्याकडं कललेली. आणि थांबले. कारण कोणी आलं नाही.

मी म्हटलं, "अगं घे ना खाली." ती म्हणाली, "आजी, तशाच राहा. प्लीज. एक मिनिट." मी राहिले. मी समोर बघत होते, तिथं बांध नव्हता, रस्ता होता, आणि पलीकडं एका सोसायटीच्या गॅलरीत कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. तेवढ्यात मला रडू आलं. मग ती धावत आली आणि पाटी उतरवली. मला पाणी दिलं. मी तिला म्हटलं, "दुसरीही करशील ना? माझी जोडीण? काडीसारखी होती, मान लांब." तिनं विचारलं, "त्या कुठं असतात?" मी म्हटलं, "पुण्याला. येत नाही."

पुढं पुतळा झाला. बसवला त्या दिवशी सगळा गाव जमला. कापड काढलं आणि आधी कोणाला काही कळेना. धातूची एक बाई. लुगडं कासोटा घालून, पाय फाकवून घट्ट उभी. हात वर, हातात पाटी, आणि पाटीखाली कोणी नाही. मोकळी जागा. लगेच मागून आवाज, "अरे, दुसरी कुठाय? बजेट संपलं काय?" दुसरा म्हणतो, "फेज टू मध्ये येईल." सगळे हसले. मी हसले नाही. मी त्या पोरीकडं गेले, म्हटलं, "हे काय? मी तुला दुसरी कर म्हटलं होतं." ती माझा हात धरून म्हणाली, "आजी, मातीत केली होती दुसरी. मग मोडली. ती कोण ते मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ती जागा राहू दे." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तोंड माझं नाही, हे आधीच सांगते. नाक तर मुळीच नाही, एवढं सरळ नाक माझं कधी नव्हतं. पण हात माझे. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, बघ. ती तूच वाकडी केलीस, खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीची फळी माझ्या बोटावर सोडून! तिनं ती तशीच केली. तू बघशील तर पहिल्यांदा तेच बघशील आणि म्हणशील, "मी नाय केलं गो ते, तूच हात मध्ये घातलास."

आठवडाभरात आणखी गंमत. आपल्या बाया! पुतळ्याची देवी करून टाकली. कोणी हळद-कुंकू लावलं, कोणी पाटीत नारळ ठेवला, एकीनं तर खणानारळानं ओटी भरली आणि हिरवी साडी गुंडाळली, हात झाकून. वॉचमन घाबरलेला, "आजी, तुमी सांगा ना, मला ओरडतात." मी गेले आणि म्हटलं, "बायांनो, ही देवी नाही, मजूर आहे. हिचे हात झाकू नका, हात कामाचे आहेत." जावबाई म्हणाल्या, "तुझेच हात ना? म्हणून झाकलेले खपत नाय तुला!" मी म्हटलं, "हो, माझेच." साडी मी काढली, घडी करून जिची तिच्या घरी पोचवली. कुंकू राहू दिलं. कुंकवाला काय, बाईला शोभतंच.

आणि लोक काय करतात माहीत आहे? पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. कॉलेजच्या पोरी, हाफ पँट घालून पळायला येणारे काका, शाळेतली मुलं. प्रत्येक जण आत शिरतो, मान जरा वाकवतो, आणि हसतो. मान वाकवल्याशिवाय तिथं उभं राहताच येत नाही, तशीच उंची ठेवली आहे तिनं. रोज संध्याकाळी मी पायरीवर बसून बघते. कोणाचीही मान बरोबर बसत नाही. एकतर जास्त वाकवतात, नाहीतर पाटीला डोकं आपटतात. मला कितीदा म्हणाले, "आजी, तुम्ही या ना, फोटो काढतो." मी म्हणते, "मी तिथली नाही. मी इकडली, पाटी धरणारी." ते काही समजत नाहीत, हसतात.

मागच्या आठवड्यात एक बाई आली. दिघ्याला राहते म्हणाली, मराठवाड्याकडची, पुढच्या बिल्डिंगच्या कामावर आहे. डोक्यावर भंगारातल्या लाकडांची मोळी, चुलीसाठी. दमली होती, मोळी टाकून माझ्याजवळ बसली. पाणी दिलं. गप्पा झाल्या, तिच्या पोरीची शाळा, माझे गुडघे. मग उठली आणि म्हणाली, "मावशी, जरा हात लावता का?"

किती वर्षांनी ऐकलं गो ते. मी उठले. गुडघे विसरले. वाकले, धरली, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि तिनं मान घातली. बरोबर घातली बघ. माझे हात वर गेले, मोळी तिच्या डोक्यावर बसली आणि मी सोडली. ती चालायला लागली. मागं वळून न बघता, ओझं डोक्यावर असताना कोणी वळत नाही. मी तिथंच उभी, हात अजून वरच. बाजूला ती धातूची बाई, तिचेही हात वर. वॉचमन म्हणाला, "आजी, आता दोन झाल्या."

घरी आले तर खांदा असा भरून आला की रात्री मुलानं बाम लावला आणि बडबडला, "या वयात मोळ्या उचलतेस? कोण बघायला येणार आहे तुला?" तुझंच नाव मनात होतं.

आता ऐक. चौकीत आता आत जाता येतं, तिकीट नाही, चप्पलही काढावी लागत नाही. वाचायला पुस्तकं ठेवली आहेत, जुन्या फळ्या आणि पाट्या मांडल्या आहेत. जिना चढून मी वरच्या खिडकीपर्यंत गेले. पण बाहेर बघितलं नाही. खरं सांगते. मान फिरवून परत खाली आले. तुझी खिडकी आहे ती, तुझ्याआधी मी कशी बघू?

वाटेची काळजी करू नकोस. हायवेला उतरलीस की कोणत्याही रिक्षावाल्याला नुसतं सांग, मिठाची चौकी. सगळ्यांना माहीत आहे आता. पण सांगायची वेळच येणार नाही, कारण या वेळी मी बसस्टॉपवर उभी असेन, मग घरी लग्न असो की आणखी काही.

माझं ते जांभळं लुगडं, पदराला विरलेलं, त्याची पट्टी फाडून चुंबळ वळून ठेवली आहे. कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्यांपासून लांब. तू तुझ्याकडची एक पट्टी आण, जुनी, धुतलेली. पाटीखाली तू उभी राहा, एकदाच. फोटो नाही काढला तरी चालेल. मान तुझी बरोबर बसते का ते मला बघायचंय, एवढंच. सूनबाई, हिच्या मुलाला सांग, रविवारी गाडी काढ म्हणावं, आणि वरवंटा नको आणू म्हणावं, माझ्याकडं आहे. कांदा मी दोघींचा चिरून ठेवते. लवकर ये गो बाय, माझे हात दुखायच्या आत ये.